चौकटी कंसातला आकडा

बीबीएसवरच्या, म्हणजे फोन लाइनवरून मोडेमने जोडता येणाऱ्या बुलेटिन बोर्डवरच्या, फाइलींच्या यादीत नावाशेजारी, वर्णनाच्या आधी, बहुधा चौकटी कंसात एक आकडा दिसे: [०७], [४२], कधी [११८]. ती फाइल आजवर किती वेळा उतरवून घेतली गेली, याची ती नोंद. काही बीबीएस सॉफ्टवेअर ही नोंद स्वतःच ठेवत. जिथे तशी सोय नव्हती किंवा अपुरी होती, तिथे सिसॉप, म्हणजे बीबीएस चालवणारी व्यक्ती, त्यासाठी एक छोटा वेगळा प्रोग्राम बसवत असे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वॉर्ड क्रिस्टेन्सन यांचे निधन झाले, तेव्हा १९७८ साली शिकागोत त्यांनी रँडी सूस यांच्यासोबत उभारलेल्या सीबीबीएस या बीबीएसची सर्वत्र आठवण निघाली. फाइलींच्या मोजणीचा पाया मात्र त्यांनी त्याआधीच, १९७७ मध्ये घातला होता. फाइल पाठवण्याच्या त्यांच्या एक्समोडेम पद्धतीत फाइल १२८ बाइटांच्या तुकड्यांनी जाई. प्रत्येक तुकड्याची बेरीज पडताळून घेणारा संगणक पोच देई आणि चुकलेला तुकडा पुन्हा मागवला जाई. सगळे तुकडे संपल्यावर पाठवणारा ‘समाप्त’ असा संकेत देई आणि त्यालाही पोच मिळे. त्या शेवटच्या पोचेमुळेच फाइल पलीकडे पूर्ण पोहोचली असे खात्रीने म्हणता येऊ लागले. नाहीतर मोजता आले असते ते फक्त प्रयत्न.

मोजणीच्या प्रोग्रामचे काम वरकरणी सोपे होते. दिवसभरातला प्रत्येक व्यवहार एका साध्या मजकूर-फाइलीत नोंदला जाई. पीसीबोर्ड या बीबीएस सॉफ्टवेअरमध्ये तिचे नाव डाउनलोड.टीएक्सटी. चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये झेडमोडेम ही फाइल पाठवण्याची नवी पद्धत आणल्यावर त्यांच्या डीएसझेड प्रोग्रामचा लॉगही यासाठी सर्रास वापरला जाऊ लागला. त्यात फाइलीचे नाव, आकार, वेग आणि व्यवहार पुरा झाला की तुटला, हे एकेका ओळीत असे. मोजणारा प्रोग्राम बहुधा मध्यरात्रीनंतर, बॅच फाइलीतून आपोआप सुरू होई. तो लॉग वाचे, पुऱ्या झालेल्या व्यवहारांतली नावे वेचे, फाइल्स.बीबीएस या यादीत ती शोधून कंसातला आकडा वाढवे आणि शेवटी ‘सर्वाधिक मागणी’ची यादी बुलेटिन म्हणून तयार करून ठेवे.

अडचणी बारीकसारीक होत्या, पण खऱ्या होत्या. यादी लिहिताना वीज गेली तर अख्खी यादीच जाण्याची भीती, म्हणून चांगले प्रोग्राम आधी नवी फाइल लिहून मगच जुनीच्या जागी ठेवत. दोन-तीन फोन लाइन असतील तर एकच यादी एकाच वेळी दोघांकडून लिहिली जाऊ नये म्हणून कुलूप घालावे लागे. नावे आठ अक्षरे अधिक तीन अक्षरे एवढीच, त्यामुळे आवृत्तीचा क्रमांकही नावातच कोंबलेला असे. फाइली आक्रसणाऱ्या पीकेझिप प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की नाव बदले आणि आकडा शून्यावर येई. सर्वांत लोकप्रिय प्रोग्राम यादीत पुन्हा तळाशी, हा दोष बहुतेक सिसॉपना हाताने दुरुस्त करावा लागे.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र माणसांनी केला. फुकट्यांना आळा घालायला अनेक बीबीएसवर प्रमाण ठरलेले असे: इतक्या फाइली द्या, तेव्हा इतक्या घ्या. त्यावर ‘लीच झेडमोडेम’ नावाचा तोडगा निघाला. फाइल शेवटच्या बाइटापर्यंत उतरवून घ्यायची आणि पोच देण्याऐवजी व्यवहार रद्द झाल्याचे कळवायचे. बीबीएसच्या दप्तरी तो फसलेला प्रयत्न ठरे. घेणाऱ्याच्या खात्यावर काही चढत नसे आणि फाइलीचा आकडाही वाढत नसे. फाइल जितकी हवीशी, तितका असा मोह जास्त. म्हणजे आकडा चुकायचा तो बहुधा कमी दाखवण्याच्या बाजूने, आणि तोही सर्वाधिक मागणीच्या फाइलींबाबत.

एवढे असूनही तो आकडा आजच्या कोट्यवधींच्या ‘इन्स्टॉल’ संख्यांपेक्षा विश्वासार्ह वाटतो, कारण त्यामागे खर्च होता. २४०० बीपीएस मोडेमवर सेकंदाला सुमारे २४० अक्षरे येत. ३६० केबीची एक फ्लॉपी भरायला पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ लागे. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला, बहुतेक बीबीएसची एकुलती एक लाइनही अडकलेली, आणि वापरणाऱ्याला दिवसाची मिनिटे ठरवून दिलेली. मुंबईत ‘लाइव्ह वायर’सारखे बीबीएस चालत, त्यांना बाहेरगावाहून फोन लावणाऱ्यावर एसटीडीचे बिलही चढे. कुतूहलापोटी दहा फाइली उतरवून नऊ टाकून देणे कुणाला परवडणारे नव्हते.

सिसॉपलाही या आकड्याची खरी गरज होती. हार्ड डिस्क मोजक्याच मेगाबाइटांची, आणि नव्या फाइली रोज येत. वर्षभर [००] राहिलेली फाइल आधी काढली जाई. मात्र ‘सर्वाधिक मागणी’च्या यादीत एकदा वर आलेली फाइल त्या यादीमुळेच आणखी वर जाई, म्हणून जाणते सिसॉप एकूण आकड्यासोबत गेल्या महिन्याचा आकडाही काढत. शेअरवेअर, म्हणजे आधी वापरून पाहून मग पैसे द्यायचे प्रोग्राम, लिहिणाऱ्यांपर्यंत यातले सहसा काहीच पोहोचत नसे. प्रत्येक बीबीएसची मोजणी त्याच्यापुरती. हजारो ठिकाणचे हे आकडे एकत्र करणारी यंत्रणा कधी उभी राहिली नाही, आणि शेअरवेअरच्या इतिहासातली ही मोठी उणीव आहे.

१९९१ मध्ये सुरू झालेल्या वॉलनट क्रीक सीडीरॉमसारख्या कंपन्यांच्या सीडी आल्या, तेव्हा सिसॉपना एका झटक्यात हजारो फाइली मिळाल्या. प्रत्येक विभागाची यादीही बहुधा सीडीवरच असे, पण सीडीवर लिहिता येत नाही, मग आकडा वाढवायचा कुठे? याद्या हार्ड डिस्कवर उतरवून तिथे मोजणी करणे हा उपाय निघाला. आज अशा अनेक सीडी इंटरनेट आर्काइव्हवर जशाच्या तशा जपलेल्या आहेत आणि जेसन स्कॉट यांच्यासारख्या संग्राहकांनी त्या काळचा मजकूर चिकाटीने गोळा केला आहे. मात्र त्या सीडींवरच्या फाइली लोकांनी किती घेतल्या, हे सीडीवरून कळत नाही. ते आकडे सिसॉपच्या हार्ड डिस्कवर होते, आणि बीबीएस बंद झाल्यावर त्यांतल्या अनेक डिस्क पुसून दुसऱ्या कामाला लावल्या गेल्या.