माप भोपळा ठरवतो

मंगळवेढा म्हटलं की लोकांना ज्वारी आठवते, पंढरपूर म्हटलं की विठोबा. सोलापुरात गाण्याचा क्लास चालवणाऱ्या माझ्यासारखीला मात्र या दोन्ही तालुक्यांतला कडू भोपळा आधी आठवतो. मिरजेच्या तंबोऱ्या-सतारींना लागणारे भोपळे याच भीमेकाठच्या रानांतून जातात, हे आपल्याकडच्या कितीतरी गाणाऱ्यांच्या गावीही नसतं.

हा भाजीचा लाल भोपळा नव्हे. दुधीच्याच जातकुळीतला, पण चवीला कडूजहर आणि अंगाने अवाढव्य. पुरुषी तंबोऱ्याला ५० इंचांच्या आसपास घेराचा लागतो. खालून ओल लागली की डाग, डाग पडला की कूज. म्हणून फळाची उस्तवार वेलावर असल्यापासूनच. वेल वाळल्यावरही त्याला उन्हात भरपूर तापू द्यायचं. मध्येच अवकाळी पाऊस आला की सगळी मेहनत मातीत. उसाला निदान कारखान्याची टोळी येते, पैसे येतात, उशिरा का होईना. तेव्हा एखाद्याने भोपळा सोडून ऊस लावला तर त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही.

एका कारागिराबरोबर मी भोपळे निवडायला गेले होते. टेप त्याने शेवटी काढला. आधी बोटाच्या पेराने टकटक करून कान दिला, मग फळ उचलून वजनाचा अंदाज घेतला, मग फिरवून फिरवून गोलाई पाहिली. दांडी हवी तेवढी लांब करता येते, पण भोपळा मागून मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. मिरजेत तो भिजवून मऊ करतात, कापतात, आतला गर-बिया खरवडतात आणि वाळताना आकार बिघडू नये म्हणून आत काठ्यांचे टेकू देतात. त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी आणि तबली चढते. सगळी मापं भोपळ्याच्या मागून येतात.

युरोपात याच्या नेमकं उलट: आधी माप, मग पोट. तिथलं ल्यूट हे तंतुवाद्यही पोटाला फुगीर, पण ते पोट जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या वाकवून, एकीला एक चिकटवून केलेलं. अठराव्या शतकातल्या बरोक ल्यूटला तेरा जोड्या धरतात; त्यांतल्या वरच्या दोन एकेरीच, म्हणून तारा २४. पुढे हे वाद्य मागे पडलं, करणारे हात संपले. अर्नोल्ड डोल्मेच यांनी १८९३ मध्ये पुन्हा एक ल्यूट बनवलं. आजचे कारागीर संग्रहालयांतल्या जुन्या वाद्यांची मापं घेऊन हुबेहूब प्रती करतात. त्यांना कागद लागतो, कारण विचारायला गुरू उरला नाही.

मिरजेत धागा तुटला नाही. एकोणिसाव्या शतकात हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांतले फरीदसाहेब या कामाकडे वळले आणि त्यांच्या वंशजांनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव लावलं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यामुळे चोखंदळ गिऱ्हाईकही दारातच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नावात मिरज आहे, ते ठीकच. पण त्या पोटातला भोपळा आमचा, एवढं म्हणायला हरकत नाही.

तरी भोपळ्याने फक्त पोट दिलं. तंबोरा बोलतो तो जवारीने. घोडीचा माथा कानशीने असा घासायचा की थरथरणारी तार त्याच्या उतारावर हलकेच घासत राहील. मग एका सुरातून वरचे सूर पिसाऱ्यासारखे उलगडतात. त्यात तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. केसभर पुढे गेला की आवाज बसका, मागे आला की चिरका. हल्ली मुलं मोबाइलवरचा तंबोरा लावून रियाज करतात. रोजच्या सरावाला तो पुरतो, माझी तक्रार नाही. पण त्यात दोरा सरकवता येत नाही. म्हणून क्लासला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी खऱ्या तंबोऱ्यासमोर बसवते आणि सूत हातात देते.