लाल दिवा बॅटरीचा नाही

वसईच्या किनाऱ्यावरच्या भुईगावात रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या काचेवरून सकाळी बोट फिरवले तर बोट चिकट लागते. सुरूच्या बनापलीकडे समुद्र आहे आणि त्याचा खारा दमटपणा वाड्यांतून, केळीच्या बागांतून थेट अंगणापर्यंत येतो. काचेवरचा थर फडक्याने निघतो. बॉनेटखालचा कोणी पुसत नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी धरते, इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची वेणी आतून गंजत जाते, आणि एखाद्या दिवशी स्टिअरिंगमागच्या मीटरवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो तो विझतच नाही.

पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: बॅटरी गेली. दुकानात जाऊन नवी बॅटरी बसवली जाते, गाडी झोकात सुरू होते, आणि दोन-तीन दिवसांनी तीही उतरते. मग दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. ही फसगत चित्रामुळे होते. दिव्यावर चित्र बॅटरीचे असले तरी गाडी चालू असताना तो लागतो तेव्हा सांगणे वेगळे असते: बॅटरीत वीज भरण्याचे काम थांबले आहे, आता जे काही चालले आहे ते साठ्यावर चालले आहे. बॅटरी ही विहीर. तिच्यात पाणी आणणारा झरा दुसरीकडे आहे. त्या झऱ्याला गॅरेजच्या भाषेत डायनॅमो म्हणतात.

खरे तर इंजिनवर चालणाऱ्या आजच्या कुठल्याही गाडीत डायनॅमो नाही. आहे तो अल्टरनेटर. पण वसईपासून सावंतवाडीपर्यंत कुठेही गाडीच्या वायरमनच्या दुकानावरची पाटी पाहिली तर तिच्यावर ‘डायनॅमो, सेल्फ, वायरिंग’ हे तीन शब्द सापडतात. या नावामागे इतिहास आहे. शिसे आणि आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये बनवली. मोटारीत मात्र ती खऱ्या अर्थाने कामाला लागली ती १९१२ मध्ये, जेव्हा चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ-स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला आणि पुढे उभे राहून हँडल मारण्याची गरज संपत गेली. बॅटरी आली म्हणजे ती भरण्याची सोय हवी. ती सोय म्हणजे डायनॅमो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बनवलेल्या जुन्या फियाटमध्ये आणि सुरुवातीच्या अँबॅसॅडरमध्ये हाच होता. इंजिन मंद गतीवर असले की तो जेमतेमच वीज देई, म्हणून सिग्नलला थांबलेल्या फियाटचा लाल दिवा मिणमिणायचा आणि चालक त्याकडे लक्ष देत नसत. त्या गाडीत ते चालून जाई. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटपासून अल्टरनेटर बसवला, हळूहळू तो सगळीकडे आला, आणि मंद गतीवरही पुरेशी वीज मिळू लागली. यंत्र बदलले, नाव राहिले. वाईट गोष्ट ही की नावाबरोबर जुन्या काही सवयीही राहिल्या. त्यांतली एक फार महागात पडते. तिच्याकडे पुढे येऊ.

दिव्याची जोडणी समजून घेण्यासारखी आहे, कारण जुन्या घडणीच्या गाड्यांत तो नुसता खूण दाखवणारा दिवा नसतो. वीज तयार होण्याच्या साखळीतली तो एक कडी असतो. किल्ली फिरवली की बॅटरीतला थोडासा प्रवाह या बल्बमधून डायनॅमोच्या फिरत्या गुंडाळीत, म्हणजे रोटरमध्ये, जातो आणि तिथून अर्थला. म्हणून इंजिन सुरू होण्याआधी दिवा लागतो. त्या थोड्या प्रवाहाने रोटरचा लोहचुंबक होतो. इंजिन सुरू होऊन रोटर फिरू लागला की डायनॅमो स्वतःची वीज बनवतो आणि बल्बच्या दुसऱ्या टोकालाही तेवढाच दाब येतो. वसईच्या वाड्यांतली बावखले, म्हणजे खोदलेली छोटी तळी, ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगावे लागणार नाही: दोन्हीकडच्या पाण्याची पातळी सारखी झाली की मधल्या पाटातले पाणी थांबते. तसा बल्बमधला प्रवाह थांबतो आणि दिवा विझतो. विझलेला दिवा म्हणजे दोन्ही बाजूंची बरोबरी.

यातून एक गोष्ट निघते, जी फार थोड्या गाडीमालकांना ठाऊक असते. किल्ली ‘ऑन’वर असताना दिवा लागलाच नाही, तर तेही बिघाडाचेच लक्षण आहे. बल्ब उडाला असेल, तार तुटली असेल किंवा रोटरला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश झिजून संपले असतील. अशा गाडीत डायनॅमोला सुरुवातीचा तो छोटा प्रवाह मिळत नाही, तो जागाच होत नाही, आणि मीटरवर काहीही न दिसता बॅटरी रिकामी होत राहते. नव्या गाड्यांत दिव्याचा कारभार संगणकाकडे गेला आहे, पण किल्ली फिरवल्यावर तो क्षणभर दिसला पाहिजे हा नियम तिथेही कायम आहे.

डायनॅमोच्या पोटात बिघडण्यासारख्या वस्तू मोजक्याच. इंजिनच्या पट्ट्यावर तो इंजिनच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतो, त्यामुळे बेअरिंग घासतात आणि गुरगुर ऐकू येते. ब्रश झिजतात. आत तयार होणारी वीज घरातल्यासारखी उलटसुलट वाहणारी असते; तिला एका दिशेने वळवणाऱ्या डायोडपैकी एखादा जळला की दिवा पूर्ण न लागता मंद तांबूस दिसतो, आणि कधी कधी त्याच वाटेने उभ्या गाडीची बॅटरी रात्रीतून उतरते. वीज किती बनवायची हे ठरवणारा रेग्युलेटर, गॅरेजमधला ‘कट-आऊट’, बिघडला तर दोन टोके: एक तर चार्जिंग बंद, नाही तर मर्यादेबाहेर. दुसऱ्या प्रकारात बॅटरी फुगते आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. तो वास आला की गाडी बंद करून बॉनेटपासून लांब उभे राहावे. जवळ विडी-काडी नको.

दिवा रस्त्यात लागला तर हातात किती वेळ असतो? भुईगावच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी मुंबईला परतणारे आणि पहाटे मोगरा, चाफा घेऊन दादरच्या फूलबाजाराकडे निघणारे, दोघांसाठी हा प्रश्न सारखाच खरा आहे. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. इंधनपंप, इंजेक्टर, कॉइल आणि संगणक मिळून दहा-पंधरा अँपिअर खातात. ५५ वॉटचे दोन हेडलाइट नऊ अँपिअर. त्यात वायपर, ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा धरला की आकडा तिसाच्या आसपास जातो. कागदावर तासभर होतो. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी व्हायच्या आधीच दाब पडतो आणि पंप अडखळतो. म्हणजे रात्री, पावसात, अर्धा-पाऊण तास. घोडबंदरच्या कोंडीत एवढा वेळ सहज जातो. म्हणून एसी, गाणी, मोबाइलचे चार्जिंग ताबडतोब बंद करायचे, इंजिन बंद करायचे नाही, कारण पुन्हा सेल्फ मारायला ताकद उरेलच असे नाही, आणि जवळचे उजेडाचे ठिकाण गाठायचे.

एका प्रसंगात मात्र पुढे जायचेच नाही. दिवा लागण्याआधी बॉनेटखाली काहीतरी फटकन तुटल्याचा आवाज आला, किंवा दिव्याबरोबर तापमानाचा काटाही चढू लागला, तर पट्टा तुटला आहे. बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो. बॅटरी संपायला अर्धा तास लागेल. इंजिनचे हेड तापून वाकायला काही मिनिटे पुरतात. पावसाळी सकाळी गाडी सुरू करताच चीं-चीं ऐकू येत असेल तर तो पट्टा आधीच सांगू लागलेला असतो.

निदानासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. सहा कप्पे, प्रत्येकी २.१ व्होल्ट, असा तो हिशेब. १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरीच थकली आहे. आणि इंजिन चालू असताना तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असायला हवा. चालू इंजिनवरही १२.४ च दिसत असेल तर नवी बॅटरी विकत घेऊन काहीही साधणार नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर. मोजके आकडे, पाच मिनिटे. ग्राहकाने दुकानात उभे राहून हे मोजून दाखवा म्हणावे. चांगला वायरमन ते आनंदाने दाखवतो.

भुईगावसारख्या ठिकाणी या मोजणीत आणखी एक पायरी हवी. डायनॅमो ठीक, बॅटरी ठीक, तरी बॅटरीपर्यंत वीज पोचत नाही, असे किनाऱ्यावर वरचेवर घडते. दोष अर्थिंगच्या गंजलेल्या जोडात असतो. पाहायचे ते असे: इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवावी. आकडा शून्याच्या अगदी जवळ हवा. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी ती वेणी काढून, घासून किंवा बदलून घ्यावी. टर्मिनलवरची भुकटी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली की निघते. कोरडे करून वर पेट्रोलियम जेली. एवढ्यावर पुष्कळ गाड्या पुन्हा मार्गी लागतात.

खाऱ्या हवेहून वाईट म्हणजे साचलेले पाणी. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरारमध्ये रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, मिठागरांत माणसे अडकली, वसाहतींच्या तळमजल्यांत पाणी शिरले. अनेक गाड्यांत डायनॅमो इंजिनच्या कुशीला, बराच खाली बसवलेला असतो. पाणी बॉनेटपर्यंत यायची गरज नसते. पाण्यात उभी राहिलेली गाडी पाणी ओसरल्यावर लगेच सुरू करून पाहणे ही सगळ्यांत मोठी चूक. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि डायनॅमो उघडून सुकवून घ्यायचा. पाण्याची ही भीती कारखान्यांनीही मान्य केली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने सियाझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल-६ या मॉडेलांच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर-जनरेटर युनिट तपासण्यासाठी परत बोलावल्या. हे युनिट म्हणजे डायनॅमोच, जो इंजिनला हातभारही लावतो. तपासणी होईपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यांवर गाडी घालू नका आणि विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, असे कंपनीने ग्राहकांना कळवले होते. आपली गाडी त्या काळातली असेल तर तिचे काम झाले आहे की नाही हे चासी क्रमांकावरून विचारून घ्यावे.

आता ती जुनी सवय. इंजिन चालू ठेवायचे आणि बॅटरीचे टर्मिनल उपटायचे. गाडी चालू राहिली तर डायनॅमो चांगला, बंद पडली तर खराब. फियाटच्या काळात हे चालून गेले. आजच्या गाडीत बॅटरी त्या क्षणी विजेचा धक्का पचवण्याचे काम करत असते. ती काढली की दाब एकदम उसळतो आणि डायनॅमोचे डायोडच नव्हे तर इंजिनचा संगणकही जळू शकतो. ब्रशचे काम किरकोळ, संगणकाचे नाही. कोणी असे करू लागला तर त्याचा हात धरावा, मग तो कितीही जुना कारागीर असो. दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना शेवटची काळी तार उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या लोखंडावर लावायची, ती वेगळ्या काळजीने: बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो आणि ठिणगी तिथे नको.

आजच्या काही गाड्या इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतात, त्यामुळे मीटरवर १२.८ दिसले तरी तो बिघाड असेलच असे नाही. तिथे स्कॅनर लागतो. इलेक्ट्रिक गाडीत डायनॅमो नसतो, तरी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. मोठी बॅटरी भरलेली असूनही छोटी उतरल्याने गाडी जागची हलत नाही असे होते.

जुनी बॅटरी बदलावीच लागली तर ती दुकानदारालाच परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तिच्यातले शिसे आणि आम्ल बागेच्या कडेला ओतले गेले तर ते बावखलात आणि विहिरीत उतरते.

उद्या सकाळी गाडीची किल्ली फिरवताना सेल्फ लगेच मारू नका. दोन सेकंद थांबून लाल दिवा लागला का ते पाहा, आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझला का तेही पाहा. यातले एक जरी झाले नाही, तर बॅटरीच्या दुकानाआधी वायरमनकडे जा.