गोळी चालू, तक्रार मनातच

सुरतच्या लिंबायत, उधना, दिंडोली भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. समजा, त्यांतल्या एखाद्या लूम कारागिराला नैराश्यासाठी एस्सिटालोप्रामची गोळी सुरू झाली. दीड महिन्यात झोप लागू लागते, कामात मन रमतं. पण शरीरसंबंधाची इच्छाच उरत नाही, किंवा वीर्यपतन होत नाही. ओपीडीत शेजारी आई बसलेली, मागे रांग. "कसं वाटतंय?" या प्रश्नावर तो "बरं आहे" म्हणतो आणि घरी जाऊन गोळी बंद करतो.

हे किती लपून राहतं, ते स्पेनमध्ये 1997 साली दिसलं. एस्सिटालोप्राम ज्या एसएसआरआय गटात मोडतं, त्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्या 344 रुग्णांपैकी आपणहून तक्रार सांगणारे 14 टक्के होते. डॉक्टरांनी थेट विचारलं, तेव्हा आकडा 58 टक्क्यांवर गेला.

या गोळ्या मेंदूत सेरोटोनिनचा प्रभाव वाढवतात. त्यानं उदासी हटते. पण इच्छा जागवणाऱ्या डोपामिनला लगाम बसतो आणि कामतृप्ती लांबते. शीघ्रपतनावर दिलं जाणारं डॅपॉक्सेटीन याच गटातलं आहे, म्हणजे एकाचा दुष्परिणाम तोच दुसऱ्याचा उपचार. स्किझोफ्रेनियासाठीच्या रिस्पेरिडोनची वाट वेगळी. त्यानं प्रोलॅक्टिन वाढतं. बायकांची पाळी चुकते, कधी अंगावर दूध येतं. त्या तर हे पुरुषांहूनही कमी बोलतात.

नैराश्यातही कामेच्छा मंदावतेच. म्हणून गोळी सुरू होण्याआधी काय होतं, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारायला हवं. पुढे डोस कमी करता येतो, बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनसारखं औषध देता येतं, काहींना सिल्डेनाफिलचा उपयोग होतो. मोजक्या रुग्णांत त्रास औषध थांबवल्यावरही टिकतो. युरोपच्या औषध नियामकानं 2019 मध्ये माहितीपत्रकात तसा इशारा घालायला सांगितलं. तोही रुग्णाला आधी कळला पाहिजे. गोळी एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके येऊ शकतात, आजार उलटू शकतो.

उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला दिलेला हक्क आहे. तेव्हा पुढच्या भेटीत आईला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगा आणि त्रास स्पष्ट सांगा. समोरासमोर जमत नसेल, तर 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.