अठरा खुर्च्यांचं पुणे-नाशिक

पुणे-नाशिक रस्त्यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं होतं. मंचर, नारायणगाव, चंदनापुरीचा घाट; या रस्त्याची रडगाणी सर्वांना पाठ आहेत. रेल्वेनं जायचं तर कल्याणचा नाहीतर दौंड-मनमाडचा वळसा. मला आठवलं ते विमान. २३ डिसेंबर २०१७ ला केंद्र सरकारच्या 'उडान' या प्रादेशिक विमानसेवा योजनेतून एअर डेक्कननं महाराष्ट्रात छोटी विमानं आणली आणि पुण्याचा लोहगाव आणि नाशिकचा ओझर विमानतळ जोडला गेला.

कंपनीचे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ. २००३ साली सुरू झालेली त्यांची पहिली एअर डेक्कन स्वस्त तिकिटांनी गाजली आणि पुढे किंगफिशर या विमान कंपनीत विरून गेली. हा दुसरा डाव होता. उडानच्या पहिल्या फेरीत वाटलेल्या १२८ मार्गांपैकी ३४ या एकट्या कंपनीनं मिळवले.

पण मी रमलो ते कंपनीच्या बीचक्राफ्ट १९००डी या विमानात. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच खुर्ची, त्यामुळे खिडकीसाठी भांडण नाही. एकोणीस आसनांपर्यंत हवाई सेविका सक्तीची नसते, म्हणून पुढे फक्त दोन वैमानिक. पंखांवरची दोन पीटी-६ इंजिनं हा तर खरा नवलाचा भाग. या इंजिनाची मांडणी उलटी: हवा मागच्या बाजूनं आत शिरते, पुढे सरकत जळते आणि पुढच्या बाजूच्या धुराड्यांतून बाहेर पडते. हवा दाबणारा भाग आणि पंखा फिरवणारं चक्र यांना जोडणारा दांडा नाही. मधून वाहणारा तप्त वायूच पंख्याचं चक्र फिरवतो. ते चक्र मिनिटाला जवळपास ३० हजार फेरे घेतं आणि पुढची गिअरपेटी ते १,७०० पर्यंत उतरवून पंख्याला देते. १९६० च्या दशकातली ही रचना आजही जगभर राबते आहे, आणि आखूड धावपट्ट्यांवर तिच्याइतकं भरवशाचं इंजिन क्वचितच सापडेल.

एवढं चांगलं यंत्र असूनही सेवा टिकली नाही, याची मला मनापासून चुटपुट लागते. उडानचा नियम असा होता की निम्मी आसनं, किमान नऊ, ठरलेल्या कमाल भाड्यात द्यायची. तोट्याची भरपाई सरकार तीन वर्षं करणार. अठरातल्या नऊ खुर्च्यांचं भाडं असं बांधलेलं, आणि उरलेल्या नऊ भरल्या नाहीत तर हिशेब कोलमडणार. पुण्याला उतरणारं अठरा आसनी विमान धावपट्टीवर १८० आसनी एअरबसइतकाच वेळ अडवतं. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. सुखोई लढाऊ विमानांच्या सरावातून उरलेल्या वेळा नागरी विमानांना. याच कंपनीच्या मुंबईच्या फेऱ्यांना तर उतरण्याची वेळ मिळवण्यातच महिने गेले. पहाटेची किंवा भर दुपारची वेळ मिळाली, तर सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी परतू पाहणारा नाशिकचा उद्योजक तिकीट काढणार कसा? इंजिनाची झीज तासांबरोबरच उड्डाणांच्या संख्येनंही मोजतात. छोट्या पल्ल्यावर कमाई थोडी आणि झीज भरपूर. विमानं मोजकीच, त्यामुळे एक दुरुस्तीला गेलं की फेऱ्या रद्द. रद्द झालेल्या फेरीचा प्रवासी पुढच्या वेळी पुन्हा गाडीच काढतो.

धावपट्टीच्या वेळा आधी पक्क्या करून मगच मार्ग वाटायला हवे होते, असं मला वाटतं. शेवटी एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत कंपनीनं उड्डाणं थांबवली आणि कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवलं.