आपले गाणे आणि आपली सही

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तालुक्याच्या गावी शाळेत संगीत शिकवतो आणि संतांच्या अभंगांना स्वतः चाली लावून गातो. २०१८ साली पदरचे पैसे घालून त्याने आठ अभंग ध्वनिमुद्रित केले व विक्रीसाठी एका कंपनीकडे दिले. पुढे त्यातलाच एक अभंग त्याने स्वतःहून यूट्यूबवर ठेवला, तो दुसऱ्या दिवशी तक्रार हजर! या गाण्याचा हक्क तुमचा नाही, म्हणे.

"सर, चाल माझी, गळा माझा, पैसे माझे. मग गाणं माझं कसं नाही?"

आज घरच्या खोलीत गाणे मुद्रित करून परस्पर विकणारे कितीतरी कलावंत आहेत, आणि हा प्रश्न त्या सर्वांचाच आहे. म्हणून तो जरा उलगडून पाहू.

एका गाण्यात एक हक्क नसतो, अनेक असतात. तुकोबांचा अभंग घ्या. त्याचे शब्द आपणा सर्वांचे. भैरवी रागावरही कोणाची मालकी नाही. परंतु त्या शब्दांना कोणी नवी चाल लावली, तर ती चाल लावणाराची. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. तो निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली त्याचा. भाडे घेऊन यंत्र चालवणारा स्टुडिओवाला केवळ तेवढ्याने मालक होत नाही. आणि गाणाराचा स्वतःच्या गायनावर हक्क असतो, तो निराळाच. चालीवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीपासून ६० वर्षे, आणि गायनाचा ५० वर्षे टिकतो.

हे पूर्वीपासून असेच होते असे मात्र नाही. १९५७ च्या कायद्याने संगीतरचना म्हणून ओळखली ती लिहिलेली किंवा छापलेली. आपल्याकडे तर ही विद्या गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात जाते. स्वरलिपी न येणाऱ्या शाहिराने काय करावे? १९९४ साली ही अट निघाली, आणि गाणाराच्या हक्कालाही त्याच वर्षी कायद्यात जागा मिळाली.

तुम्ही म्हणाल, मग नोंदणी करावीच लागत असेल. तसे नाही. रचना झाली की हक्क आपोआप निर्माण होतो. पण दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातली नोंद न्यायालयात सकृद्दर्शनी पुरावा धरली जाते, म्हणून ती केलेली बरी. शिवाय तारखेसह मूळ मुद्रण, वादकांना दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि चाल बसवतानाचे कच्चे तुकडे जपून ठेवावेत. वाद उठला म्हणजे तेच उपयोगी पडतात.

आता मुख्य मुद्दा. चोरी होते हे खरेच. पण पुष्कळदा हक्क जातो तो आपल्याच सहीने. कायदा म्हणतो की हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर तो लेखी आणि सही करूनच देता येतो. नुसती बिदागी घेतली, तोंडी 'हो' म्हटले, एवढ्याने तो जात नाही. कागदावर गाणे कोणते, हक्क कोणते, मुदत किती, प्रदेश कोणता आणि मोबदला काय, हे सारे असावयास हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता.

विद्यार्थ्याचा कागद पाहिला. 'सर्व हक्क दिले आहेत' एवढेच एक वाक्य. मुदतीचा पत्ता नाही. पाच वर्षे २०२३ मध्येच भरली होती! कलम १९ चा आधार घेऊन त्याने कंपनीला पत्र लिहिले, आणि तक्रार मागे घेण्यात आली. परंतु त्या वाक्यात 'कायमचे' हा एक शब्द अधिक असता, तर हा आधार त्याला मिळाला नसता.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. गीतकार व संगीतकार यांनी हक्क विकले, तरी पुढच्या वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनातला समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. तो वारसाकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे तेवढा सोपवता येतो. १९६९ साली स्थापन झालेली 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' ही अशीच संस्था. माझ्या विद्यार्थ्याने हा वाटा सहा वर्षांत एकदाही मागितला नव्हता. तो मागता येतो, हेच त्याला ठाऊक नव्हते.

तेव्हा कलावंत मित्रहो, कागद पुढे आला की घाई करू नका. घरी न्या, दोनदा वाचा, कळत नसेल तर जाणत्याला विचारा. मोबाईलवर 'मान्य आहे' असे बटण दाबण्यापूर्वीही तेच करा. गाणे विकू नये असे मी म्हणत नाही. पोट सर्वांनाच आहे. पण काय विकतो आणि किती वर्षांसाठी विकतो, एवढे तरी ठाऊक असावे.