स्क्रीनवर ‘व्हायरस सापडला’चा इशारा? बनावट अँटिव्हायरस कसा ओळखाल, कसा काढाल?

नाशिक : लॅपटॉपवर काम सुरू असताना अचानक स्क्रीन लाल होते, भोंगा वाजू लागतो आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले आहेत. संगणक बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असा इशारा झळकतो. अनेकदा त्या क्षणी संगणकात एकही व्हायरस नसतो. तो येतो या इशाऱ्यावर विश्वास ठेवल्यानंतर. हा प्रकार नेमका काय आहे आणि त्यातून सुटायचे कसे?

बनावट अँटिव्हायरस म्हणजे काय?

घाबरवून पैसे उकळणारे हे सॉफ्टवेअर असते. इंग्रजीत त्याला ‘स्केअरवेअर’ म्हणतात. ते खोटे स्कॅन दाखवते, भराभर व्हायरस मोजते आणि ते काढण्यासाठी ‘फुल व्हर्जन’चे पैसे मागते. पैसे भरले की इशारे थांबतात, म्हणून ग्राहकाला काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कार्डचा तपशील चोरांच्या हाती गेलेला असतो.

हल्ली बऱ्याचदा काही इन्स्टॉलही झालेले नसते. एखाद्या वेबसाइटने ‘नोटिफिकेशन दाखवू का?’ असे विचारलेले असते आणि आपण घाईत ‘अलाऊ’ दाबलेले असते. नंतर तीच साइट नामांकित अँटिव्हायरसचा लोगो लावून ‘मुदत संपली’ असे संदेश पाठवत राहते.

हा धंदा किती जुना?

‘विनफिक्सर’, ‘एक्सपी अँटिव्हायरस’ अशा नावांच्या सॉफ्टवेअरविरोधात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये न्यायालयात धाव घेतली. दहा लाखांहून अधिक ग्राहक फसल्याचे आयोगाचे म्हणणे होते. २०१२ मध्ये न्यायालयाने या प्रकरणात १६ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रकमेचा आदेश दिला. पुढे या धंद्याला फोनची जोड मिळाली. स्क्रीनवर इशारा आणि त्याखाली ‘सपोर्ट’चा क्रमांक.

फोन उचलतो कोण?

ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत देशभरात ७६ ठिकाणी छापे टाकले. त्यातील दोन गुन्हे मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून, खोट्या तांत्रिक मदतीच्या नावाखाली परदेशी नागरिकांना फसविल्याबद्दल होते.

नाशिक जिल्हाही यापासून दूर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने इगतपुरीतील एका रिसॉर्टमध्ये भाड्याच्या जागेत चालणारे बेकायदा कॉल सेंटर उघडकीस आणले. अ‍ॅमेझॉनच्या मदत केंद्रातून बोलत असल्याचे भासवून अमेरिका, कॅनडा आदी देशांतील नागरिकांकडून गिफ्ट कार्ड आणि क्रिप्टोकरन्सीच्या रूपात पैसे उकळले जात असल्याचा आरोप आहे. कारवाईवेळी ६२ कर्मचारी कामावर होते. ४४ लॅपटॉप, ७१ मोबाइल आणि १ कोटी २० लाखांची रोकड जप्त झाली. हे प्रकरण अँटिव्हायरसचे नव्हते, पण पद्धत तीच : मोठ्या कंपनीचे नाव घ्यायचे आणि समोरच्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही.

खरा की खोटा, कसे ओळखाल?

- फोन क्रमांक : मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन क्रमांक नसतो. क्रमांक दिसला की इशारा खोटा समजावा.
- ब्राउझरमधील स्कॅन : कोणतीही वेबसाइट उघडताक्षणी तुमची संपूर्ण हार्ड डिस्क तपासू शकत नाही.
- घाई : ‘पाच मिनिटांत डेटा नष्ट होईल’ अशी उलटी गणती खरा अँटिव्हायरस करत नाही.
- अनोळखी नाव : आपण न टाकलेला अँटिव्हायरस संगणकात दिसणे हीच धोक्याची खूण.

खरे अँटिव्हायरसही नूतनीकरणाची आठवण देतात. अशा वेळी संदेशावर क्लिक न करता ते सॉफ्टवेअर स्वतः उघडून मुदत तपासावी.

संगणकातून कसा काढाल?

१. इशाऱ्यातील कोणतेच बटण दाबू नका, ‘कॅन्सल’सुद्धा नाही. स्क्रीन अडकली असेल तर ‘एस्केप’ दाबून धरा. तरीही सुटली नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. पुन्हा उघडताना जुने टॅब ‘रिस्टोअर’ करू नका.

२. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी असलेल्या साइट्सची यादी पाहा आणि अनोळखी साइट्स काढून टाका. अनेकांचा त्रास इथेच संपतो.

३. सॉफ्टवेअर इन्स्टॉल झाले असेल तर आधी इंटरनेट बंद करा. सेटिंग्जमधील अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमाराचे अनोळखी सॉफ्टवेअर ‘अनइन्स्टॉल’ करा. फोनवरच्या व्यक्तीने एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला लावले असेल तर तेही काढा.

४. सॉफ्टवेअर निघत नसेल तर शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ करा आणि ट्रबलशूटच्या पर्यायांतून ‘सेफ मोड’मध्ये जाऊन पुन्हा प्रयत्न करा.

५. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मोफत असतो. विंडोज सिक्युरिटी उघडून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. संगणक रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटांत तपासणी होते. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावरही मोफत साधने आहेत.

६. शेवटी ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, सुरक्षित मोबाइल किंवा संगणकावरून.

मोबाइल सुरक्षित आहे का?

२०१४ मध्ये गुगल प्ले स्टोअरवर ‘व्हायरस शील्ड’ नावाचे ३.९९ डॉलरचे अ‍ॅप दहा हजारांहून अधिक जणांनी विकत घेतले. ते फक्त स्वतःचे चिन्ह बदलत होते, तपासत काहीच नव्हते. २०२२ मध्ये तर अँटिव्हायरसच्या वेशातील अ‍ॅपमधून बँक खात्यांवर डोळा ठेवणारे ‘शार्कबॉट’ प्ले स्टोअरवर आढळले. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘एपीके’ फाइल टाकू नका आणि अनोळखी अ‍ॅपला ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी देऊ नका. ‘प्ले प्रोटेक्ट’ सुरू ठेवा.

पैसे गेले असतील तर?

पहिला फोन बँकेला करून कार्ड किंवा खाते गोठवा. दुसरा १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्या. इशाऱ्याचा स्क्रीनशॉट, फोन क्रमांक आणि व्यवहाराचा संदेश जपून ठेवा.

इथे वेळ महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकानेच ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते. कळविल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराची जबाबदारी मात्र बँकेची. त्यामुळे ‘आपणच फसलो, आता कुणाला सांगायचे’ असा संकोच करत बसण्यात नुकसान वाढते. घरातील ज्येष्ठांनाही हे आधीच सांगून ठेवा : स्क्रीन लाल झाली तर त्यावरच्या क्रमांकाला नाही, आधी घरच्यांना फोन करायचा.