सहा तारा, एक आवाज – भाग ७ : कोऱ्या पॅचपासून

नवा गिटार प्रोसेसर घरी आला की पहिले काही दिवस कंपनीने भरून दिलेले पॅच एकामागून एक फिरवण्यात जातात. त्यात गैर काहीच नाही, यंत्राची ओळख अशीच होते. पण हे पॅच एकट्या गिटारीवर, पहिल्या दोन मिनिटांत छाप पाडण्यासाठी बनवलेले असतात. रिव्हर्ब भरपूर, डिले भरपूर, गेन चढवलेला. तोच पॅच घेऊन ढोलकी, ऑक्टोपॅड, बेस आणि कीबोर्डसोबत स्टेजवर उभे राहिलात की गिटार कुठे गेली तेच कळत नाही. गेल्या भागात आपण सुट्या पेडलांची कामे पाहिली. आज त्याच कामांतून एक पॅच कोऱ्या जागेवर बांधू. पॅच लीडचा आहे : कडव्याआधीच्या म्युझिकमध्ये गिटारीच्या चार ओळी आहेत आणि त्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचल्या पाहिजेत. यंत्र झूमचे असो, बॉसचे असो वा लाइन सिक्सचे, रीत बदलत नाही.

रिकामा पॅच उघडा, सगळे ब्लॉक बंद करा. मग आधी आउटपुटची सेटिंग पाहा, कारण अर्ध्या तक्रारी इथूनच सुरू होतात. प्रोसेसर कुठे जोडणार आहात? हेडफोन, मिक्सर किंवा पीएला जोडणार असाल तर कॅबिनेटचा ब्लॉक चालू हवा. गिटार ॲम्पच्या पुढच्या इनपुटला जोडणार असाल तर तो बंद हवा, कारण ॲम्पचा स्वतःचा स्पीकर आहेच. दोन कॅबिनेट एकावर एक चढले की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा दबतो.

कॅबिनेट हा ब्लॉक नवशिके सर्वांत शेवटी पाहतात. माझ्या मते तो सर्वांत आधी पाहावा. गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या पुढचे फारसे काही वाजवत नाही. डिस्टॉर्शन मात्र त्याच्या कितीतरी वरपर्यंत हार्मोनिक्स तयार करते. खऱ्या ॲम्पमध्ये ही वरची चरचर स्पीकरच गिळून टाकतो. प्रोसेसर थेट मिक्सरला लावला की ती गिळणारे कोणी उरत नाही, म्हणून ते काम कॅबिनेटच्या ब्लॉकला करावे लागते. अलीकडच्या यंत्रांत यासाठी इम्पल्स रिस्पॉन्स असतात. खऱ्या कॅबिनेटसमोर मायक्रोफोन ठेवून त्या स्पीकरच्या प्रतिसादाचा काही मिलीसेकंदांचा नमुना घेतात, आणि यंत्र तुमच्या गिटारीच्या सिग्नलवर त्या नमुन्याचा संस्कार करते. त्यात मायक्रोफोनची जागा बदलता येत असेल तर ती बदलून जरूर ऐका. स्पीकरच्या मधोमध मायक्रोफोन असला की आवाज तीक्ष्ण येतो, कडेकडे सरकवला की मऊ होतो. ट्रेबलची घुंडी पिरगाळून जे साधत नाही ते या एका बदलाने अनेकदा साधते.

आता ॲम्प निवडा. लीडसाठी ब्रिटिश धाटणीचा, मार्शलच्या नमुन्यावरचा ॲम्प घेऊ, कारण त्याच्या आवाजात मिड भरपूर असतो. बेस, मिड, ट्रेबल तिन्ही मध्यावर ठेवा आणि गेन शून्यापासून हळूहळू वाढवा. एकच सूर जोरात आणि मग हळू छेडा. हळू छेडल्यावर आवाज स्वच्छ आणि जोरात छेडल्यावर फाटलेला, अशी जागा सापडली की तिच्या किंचित पुढे थांबा. तार छेडल्याच्या पहिल्या क्षणी सिग्नल उसळतो आणि डिस्टॉर्शन ती उसळी कापते. गेन फार असला की सगळे सूर एकाच उंचीचे होतात, पिकचा ठोका मरतो. भरलेल्या वाद्यवृंदात श्रोत्याचा कान मात्र त्या ठोक्यालाच धरून गिटार शोधत असतो.

गेनचा दुसरा परिणाम कॉर्डवर होतो. दोन सूर एकाच वेळी डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूरही जन्माला येतात. मोकळी ए तार ११० हर्ट्झची, तिचा पंचम १६५ चा. वजाबाकी ५५, म्हणजे तोच ए, एक सप्तक खाली. पॉवर कॉर्ड इतकी भारदस्त वाजते ती यामुळे. पंचमाऐवजी शुद्ध गंधार वाजवला तर गिटारीच्या पडद्यांवर तो येतो १३८.६ हर्ट्झला, वजाबाकी २८.६, आणि तिचे मूळ सुराशी जवळचे असूनही नेमके न जुळणारे नाते कानाला गढूळ लागते. म्हणून जास्त गेनवर पूर्ण मेजर कॉर्ड वाजवली की चिखल होतो. हे यंत्राचे वैगुण्य नाही, डिस्टॉर्शनचा स्वभावच तो.

एवढ्या गेनवर लीड कोरडी वाटेल, सूर लवकर विझेल. उपाय ॲम्पच्या आधी आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या आयबानेझ ट्यूब स्क्रीमरची नक्कल जवळजवळ प्रत्येक प्रोसेसरमध्ये वेगवेगळ्या नावांनी असते; हिरव्या पेडलचे चित्र दिसले की तीच समजा. तिचा ड्राइव्ह जवळपास शून्यावर आणि लेव्हल भरपूर वर ठेवा. हे पेडल खालचे सूर थोडे कापते आणि ७२० हर्ट्झच्या आसपासचा भाग पुढे काढते. ॲम्पला जोराचा, नीटस सिग्नल मिळतो, सूर लांबतो आणि गुरगुर वाढत नाही.

यानंतर ईक्यू. गिटारीची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची आहे. त्याच्या खाली लीडला काही काम नाही, तो प्रदेश बेसचा आणि किकचा. लो कट १०० हर्ट्झवर लावा, हाय कट सहा-सात किलोहर्ट्झवर. एकट्याने ऐकताना आवाज बारीक झाल्यासारखा वाटेल. वाटू द्या. मिड मात्र कापू नका. घरी मिड खाली ओढलेला आवाज फार मोठा आणि गोड लागतो, पण स्टेजवर गिटारीची जागा मिडमध्येच असते. कीबोर्डवाल्याचे दोन्ही हातही तिथेच चालू असतात, तेव्हा जागा सोडली की गेली.

डिले ॲम्प आणि कॅबिनेटच्या नंतर लावा. आधी लावला तर मूळ सूर आणि त्याचे प्रतिध्वनी एकत्रच डिस्टॉर्शनमध्ये शिरतात आणि एकमेकांत लिबलिबतात. वेळ काढायचे गणित सोपे आहे : ६०,००० ला टेंपोने भागले की एका ठोक्याचे मिलीसेकंद मिळतात. टेंपो १२० असेल तर ५००. त्याचे पाऊण म्हणजे ३७५. हा डॉटेड एटथ. यूटूचा गिटारवादक द एज याने ‘द जोशुआ ट्री’ (१९८७) मधल्या ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ला जी धावती नक्षी दिली ती याच हिशोबाच्या डिलेची. केरव्याच्या चालीत तो छान बसतो. आपल्या भावगीतांत मात्र दादरा पावलोपावली भेटतो, आणि तिथे हाच डिले ठेक्याच्या अंगावर येतो. दादऱ्याच्या तीन मात्रांना ७५० मिलीसेकंद लागत असतील तर एक मात्रा २५० ची. ७५० चे पाऊण ५६२. हा प्रतिध्वनी दोन मात्रांच्या फटीत पडतो आणि तबलजी तुमच्याकडे वळून पाहतो. दादऱ्यात डिले एक किंवा दोन मात्रांचा ठेवावा, इथे २५० किंवा ५००. प्रत्यक्ष कार्यक्रमात लय थोडी वरखाली होतेच, म्हणून एक फूटस्विच टॅप टेंपोला देऊन ठेवा. मिक्स २० टक्क्यांच्या आसपास, प्रतिध्वनी दोन-तीनच.

रिव्हर्ब अगदी थोडा. सभागृहाचा स्वतःचा घुमारा असतो, त्यात तुमची भर नको. नॉइज गेट सर्वांत पुढे, इतकाच की गिटार गप्प असताना गुणगुण थांबेल. लांबवलेल्या सुराची शेपटी तुटू लागली की गेट सैल करा.

पॅच रात्री हेडफोनवर बनवलात तर तो अर्धाच झाला. हार्वी फ्लेचर आणि वायल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज हळू असताना कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. त्यामुळे हळू आवाजात आपण नकळत बेस आणि ट्रेबल वाढवून ठेवतो, आणि तोच पॅच पीएवर मोठ्याने लागला की खाली घुमतो, वर टोचतो. शेवटची ईक्यू तालमीत, सगळे वाजत असतानाच करा.

तिथेच लेव्हलही जुळवा. लीडचा पॅच रिदमपेक्षा तीन-चार डेसिबलने वर असावा, आणि तो फरक पॅचच्या लेव्हलवर द्यावा. गेन वाढवून आवाज मोठा करायला गेलात तर वर सांगितलेला ठोका पुन्हा हरवेल. स्वच्छ, रिदम आणि लीड असे तीन पॅच एकाच बँकेत शेजारी-शेजारी ठेवले की पायाला शोधावे लागत नाही. पॅच बदलताना डिलेची शेपटी कचकन तुटत असेल आणि यंत्रात ती पुढे चालू ठेवायची सोय नसेल, तर रिदम आणि लीड एकाच पॅचमध्ये ठेवा आणि फक्त बूस्ट व डिलेचे ब्लॉक पायाने चालू-बंद करा.

पुढच्या आठवड्यात याच पॅचला एक्स्प्रेशन पेडल जोडू. तेच पेडल डिस्टॉर्शनच्या आधी ठेवले की गेन बदलते आणि नंतर ठेवले की फक्त आवाज. या दोन जागांतून वेगवेगळी कामे कशी करून घ्यायची ते पाहू.